काचेवरची रेघ

सरांनी खिशातला रुमाल काढून मॉनिटरची काच पुसली आणि कपाटातून आणलेला एक कोरा सेल, म्हणजे ॲनिमेशनसाठीची पारदर्शक शीट, तिच्यावर टेकवला. चिकटपट्टी लावायची वेळच आली नाही. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे पोट पुढे आलेले अवजड डबे. चालू असले की काचेजवळ हात नेताच हातावरची लव उभी राहायची. त्या विजेने सेल चट्‌दिशी काचेला चिकटला. त्याच्या खालच्या कडेला तीन भोकं होती, मधलं गोल आणि बाजूची दोन लांबट. ज्या भोकांनी कागद खुंट्यांना अडकवून सात वर्षं चित्रं काढली, ती भोकं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. २००३ सालची गोष्ट. अंधेरीतला स्टुडिओ, आणि शॉट एका आजीचा. आजी येते, पाटावर बसते. एवढंच.

शॉट केला होता तो पोरगा भाईंदरचा. माया नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा म्हणून सगळे त्याला ‘मायावाला’ म्हणत. त्याने आजीच्या तीन पोझ दिल्या होत्या: उभी, वाकलेली, बसलेली. मधलं सगळं कॉम्प्युटरने भरलं होतं. आजी खाली आली ती हवा गेलेल्या फुग्यासारखी. तिच्या अंगाला वजन नव्हतं, गुडघ्यांना वय नव्हतं.

सर म्हणाले, “एकेक फ्रेम पुढे घे.” पोरगा बाणाचं बटण दाबत गेला आणि सर काळ्या मार्करने प्रत्येक फ्रेमला आजीच्या कमरेवर एक ठिपका देत गेले. टीव्हीचं काम, सेकंदाला २५ फ्रेम. दोन सेकंदांच्या शॉटचे पन्नास ठिपके झाले. ते सेलवर असे उतरले होते की दारात रांगोळीच काढायला घेतली आहे. जवळजवळ सारख्या अंतरावर, एका गुळगुळीत वळणात.

मग त्यांनी लाल मार्कर घेतला आणि शेजारी दुसरी रांग काढली. पहिले ठिपके खाली गेलेच नाहीत, मागे सरकले, कारण म्हातारं माणूस बसण्याआधी पाट कुठे आहे ते मागे चाचपतं. मग एकमेकांना चिकटलेले ठिपक्यांचे झुबके: हात गुडघ्यावर, कंबर हळूहळू खाली. आणि शेवटी, पाटापासून वीतभर अंतरावर, चार ठिपके एकदम लांब लांब. तिथे गुडघे सुटतात आणि आजी धप्पकन बसते. त्यानंतर एक ठिपका पाटाच्याही किंचित खाली, आणि दोन परत वर. पोरगा गप्प झाला होता. त्याची आजी घरी होती, तीही अशीच बसते, असं तो थोड्या वेळाने म्हणाला.

हाताने काढलेलं ॲनिमेशन आणि थ्रीडी यांच्यात पूल कसा बांधला गेला असं कोणी विचारलं, की मला तो सेल आठवतो.

मी १९९६ मध्ये या धंद्यात आले ती इनबिट्वीनर म्हणून. जे.जे.च्या उपयोजित कला महाविद्यालयातून बाहेर पडले होते आणि जाहिरातीत जायचं नव्हतं. लग्नानंतर मीरा रोडला घर घेतलं, कारण आमच्या पगारात दहिसरच्या अलीकडे काही बसत नव्हतं. त्या काळात आमच्या धंद्यातले कितीतरी लोक याच कारणाने मीरा रोड-भाईंदरला राहायला आले. कच्च्या रेघा साफ करणारे क्लीन-अपवाले, रंगवाले, बॅकग्राऊंडवाले. रात्रीच्या गाडीत ज्याच्या बोटांना शिसपेन्सिलीची काळी चकाकी दिसेल तो आपला, अशी ओळख पटायची. सर वसईचे. त्यामुळे त्यांना विरार गाडी चालायची. मला मात्र तिच्यात चढलं की मीरा रोडला उतरता येईल की नाही याचा घोर.

इनबिट्वीनरचं काम काय? ॲनिमेटर महत्त्वाची चित्रं काढतो, त्यांना आम्ही ‘की’ म्हणतो. दोन कींच्या मधली चित्रं भरायची ती आम्ही. खालून ट्यूब लावलेली दुधी काच, तिच्यावर दोन की चढवायच्या, तिसरा कोरा कागद वर, आणि मधली रेघ शोधायची. मे महिन्यात लाइटबॉक्सच्या उष्णतेने कागदाला मनगटाचा घाम लागायचा म्हणून आम्ही हाताखाली फडक्याची घडी घ्यायचो. डाव्या हाताच्या बोटांत चार-पाच कागद धरून ते पुढे-मागे फडफडवायचे, की चित्र हलताना दिसतं. त्याला फ्लिप करणं म्हणतात. बोटांना ती सवय लागायला मला सहा महिने लागले. पैसे चित्रावर मिळायचे. जितकी चित्रं, तितके.

किल्ली कुठे होती ती सांगते. कीच्या कडेला ॲनिमेटर एक छोटी उभी रेघ काढायचा आणि तिच्यावर आडव्या खुणा. हा चार्ट. कुठलं चित्र कोणाच्या किती जवळ, ते त्या खुणा सांगायच्या. नवा इनबिट्वीनर प्रत्येक चित्र बरोबर मधोमध काढतो. ते पडद्यावर गेलं की हात यंत्रासारखा सरकतो. खरा हात कुठून तरी निघायला कचरतो, मग सुटतो, आणि पोहोचताना मंदावतो; म्हणून मधलं चित्र मधोमध नसतं. ते कुठल्या बाजूला झुकलंय यावर तो हात रागावलेला आहे की दमलेला, हे ठरतं. सरांनी मला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं, आणि सात वर्षांनी मायावाल्यालाही लाल ठिपक्यांनी तेच शिकवलं. कॉम्प्युटर हा जगातला सगळ्यात वेगवान इनबिट्वीनर आहे. त्याला चार्ट द्यावा लागतो, इतकंच.

सर हे शिकले होते पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनमधल्या जुन्या मंडळींच्या हाताखाली. तिथला कार्टून विभाग १९५६ मध्ये सुरू झाला. शिकवायला आले क्लेअर वीक्स. ‘स्नो व्हाइट’ आणि ‘बॅम्बी’वर काम केलेले डिस्नेचे ॲनिमेटर, जन्माने मात्र भारतातलेच, मिशनरी आईबापांच्या पोटी. त्यांच्या तालमीत जी. के. गोखले, राममोहन अशी माणसं तयार झाली आणि १९५७ मध्ये जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ झाला. आपल्याकडचा वारसा त्याहून जुना आहे, हेही सर नेहमी सांगत. दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये एकेक फ्रेम घेत काड्या हलवल्या होत्या, आणि प्रभातमध्ये १९३४ साली रघुनाथ केळकरांनी ‘जंबुकाका’ नावाचा कोल्हा कागदावर चालवला होता. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ १९७४ चा. भीमसेन यांनी केलेल्या त्याच्या चित्रांतली ती पाखरं माझ्या वयाच्या प्रत्येकाने दूरदर्शनवर पाहिली आहेत. जाळ्यासकट उडणारा तो थवा बघून हे काम करावंसं वाटलं, असं सांगणारे माझ्या पिढीत मी एकटी नाही.

राममोहन यांचं नाव आमच्याकडे कानाला हात लावून घेतलं जायचं. युगो साको यांच्याबरोबर त्यांनी दिग्दर्शित केलेलं, १९९२ मध्ये पुरं झालेलं जपानी-भारतीय ‘रामायण’ संपूर्ण हाताने काढलेलं होतं. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. त्यांनी उतारवयात ॲनिमेशनची शाळा काढली, ती कॉम्प्युटरच्या जमान्यात. हे मला महत्त्वाचं वाटतं. हाताने काम केलेली मोठी माणसं कॉम्प्युटरला घाबरून बाजूला बसली नाहीत. जगातही तसंच झालं होतं. पिक्सारचे जॉन लॅसेटर मुळात कागदावर शिकलेले. १९८७ मध्ये एका परिषदेत त्यांनी निबंध मांडला तो याच विषयावर, की कागदावरच्या ॲनिमेशनची जुनी तत्त्वं थ्रीडीत कशी लावायची. त्या निबंधाची, कोपरे दुमडलेली, चहाचे डाग पडलेली झेरॉक्स आमच्या स्टुडिओत सगळ्यांच्या हातून फिरत होती. मायावाल्याला ती आम्हीच वाचायला दिली.

पुलाच्या आमच्या बाजूचाही एक किस्सा आहे. आजीच्या शॉटच्या दोन वर्षं आधीचा. एका पौराणिक मालिकेत रथ होते. रथाचं चाक हाताने फिरवणं म्हणजे शिक्षा. प्रत्येक चित्रात आऱ्यांचा कोन बदलतो आणि जरा चूक झाली की चाक लंगडतं. कोणीतरी सुचवलं की चाक थ्रीडीत करा, त्याच्या नुसत्या रेघा कागदावर छापा आणि आम्ही त्यावरून काढू. युक्ती नवी नव्हती. डिस्नेने १९८६ च्या ‘द ग्रेट माउस डिटेक्टिव्ह’मध्ये बिग बेनच्या आतली दातेरी चाकं अशीच कॉम्प्युटरवर फिरवून कागदावर उतरवली होती. आम्ही रात्रभर छापली, काढली, रंगवली. सकाळी बघतो तर रथ धावतोय आणि चाक थंडी वाजल्यासारखं थडथडतंय.

दोष होता प्रिंटरच्या रबरी रुळात. तो प्रत्येक कागद केसभर इकडेतिकडे ओढत होता. कागदाच्या कडेवरून भोकं पाडली, त्यामुळे चित्र दर वेळी वेगळ्या जागी बसत होतं. केसभर फरक पडद्यावर बोटभर दिसतो. दुरुस्ती सरांनी काढली आणि ती साधी होती. चित्राबरोबरच दोन कोपऱ्यांत फुलीची खूण छापायची, लाइटबॉक्सवर प्रत्येक कागदाची फुली पहिल्या कागदाच्या फुलीवर बसवायची, आणि मग भोकं असलेली पट्टी खाली चिकटवायची. तीनशेहून जास्त कागद मी आणि स्टुडिओतल्या एका मैत्रिणीने एका रात्रीत तसे बसवले. शेवटची गाडी गेली. पहाटेच्या पहिल्या गाडीने मी मीरा रोडला उतरले तेव्हा डोळ्यांसमोर फुल्याच फुल्या. पण चाक स्थिर फिरलं.

त्यातही एक गंमत राहिलीच. चाक आता इतकं अचूक होतं की शेजारचे हाताने काढलेले घोडे डळमळीत वाटायला लागले. मग सर म्हणाले, चाकाच्या रेघा थोड्या हलू द्या, छापलेल्या रेघेवर डोळे मिटून पेन्सिल ठेवू नका. पुढे कळलं की १९९९ च्या ‘द आयर्न जायंट’मध्येही हाच पेच होता. तो लोखंडी राक्षस थ्रीडी आणि बाकी सगळं हाताचं. तो परका वाटू नये म्हणून त्यांनी त्याच्या रेघांना मुद्दाम हलकीशी थरथर दिली होती.

आता परत मायावाल्याकडे. आजी बसली, पण लगेच मैत्री झाली असं नाही. त्याच्या मॉनिटरवर कोणी मार्कर लावलेला त्याला आवडत नसे आणि त्यात त्याची चूक नव्हती. शिवाय सर जी रेघ काढायचे ती त्याच्या पात्राला जमायचीच नाही. थ्रीडी पात्राच्या आत हाडांचा सांगाडा असतो, त्याला रिग म्हणतात. हाड ठरलेल्या लांबीचं. कागदावर मात्र आम्ही बेधडक खोटं बोलतो. उडी मारताना पाय दीडपट लांब काढतो, कोपर एका चित्रापुरतं उलटं वळवतो. फ्लिप केलं की ते खरं वाटतं. सर एकदा म्हणाले, “तुझ्या पोराला संधिवात आहे का रे?” पोराने रात्री बसून रिग उघडली आणि पाठीच्या कण्यात ताणता-दाबता येणारे नवे कंट्रोल घातले. दुसऱ्या दिवशी सरांना बोलावून म्हणाला, “आता काढा, हवी तशी काढा.” सरांनी काढलेल्या वाकड्या रेघेवर त्याने पात्राचा कणा तंतोतंत बसवून दाखवला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोन्ही बाजूंनी काम सुरू झालं ते तेव्हापासून.

माझ्या मनात सगळ्यात ठसलेला किस्सा मात्र बगळ्याचा आहे. पंचतंत्रातली बगळा आणि खेकड्याची गोष्ट होती, थ्रीडीत. बगळा तळ्याकाठून चालत येतो. मायावाल्याने चालवला तो छान, डौलदार, आणि तरीही चावी दिलेल्या खेळण्यासारखा. काय चुकतंय ते त्यालाही कळेना. मला कळत होतं, कारण भाईंदरच्या मिठागरांच्या बांधावर बसून मी कित्येक रविवार बगळे काढले होते. मी त्याला म्हटलं, “तू जन्मापासून भाईंदरचा, बगळा कसा चालतो सांग बघू.” सांगता येईना. पुढच्या रविवारी सकाळी त्याला घेऊन गेले.

ओहोटीची वेळ होती. वाफ्यांत गुडघाभरही पाणी नव्हतं, पलीकडे कामगार लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढत होते, आणि आमच्यापासून वीसेक पावलांवर एक बगळा. मी म्हटलं, पायांकडे बघू नकोस, डोळ्याकडे बघ. बगळ्याचा डोळा हवेत खिळ्याने ठोकल्यासारखा स्थिर असतो. अंग पुढे सरकतं, मान घडी घालत जाते, डोकं तिथेच. मग एका झटक्यात डोकं पुढे, आणि पुन्हा स्थिर. पाण्यातला मासा दिसायचा तर डोळा हलून चालत नाही. मी वहीत चार चित्रं काढून दाखवली: चारही चित्रांत डोकं एकाच जागी, खाली धड चार ठिकाणी.

तो एकदम उठून उभा राहिला. “ताई, माझं डोकं धडाला बांधलंय!” म्हणाला. थ्रीडीत डोकं मानेला, मान कण्याला आणि कणा कमरेला जोडलेला. कंबर हलली की डोकं आपोआप हलणारच. सोमवारी त्याने बगळ्याचं डोकं धडापासून सोडवलं. डोक्याचा कंट्रोल असा केला की तो जागेला बांधलेला राहील आणि मान मधल्यामध्ये दुमडत जाईल. संध्याकाळी बगळा चालला. स्टुडिओतल्या ज्यांनी मिठागर कधी पाहिलं नव्हतं, तेही मान पुढे काढून बघत राहिले.

हे सगळं सुखाचं झालं असं नाही. २००५ च्या आसपास आमचं टूडीचं काम आटलं. लाइटबॉक्स भंगारात गेले. मी एक उचलून टेम्पोतून घरी आणला, तो अजून चालतो. कित्येक क्लीन-अप आर्टिस्ट, ज्यांच्या रेघेला तोड नव्हती, त्यांना कोणी कॉम्प्युटरसमोर बसवून शिकवलंच नाही. सॉफ्टवेअर येतं का, एवढाच प्रश्न. येत नाही म्हटलं की संपलं. माझ्याबरोबर ज्या मैत्रिणीने त्या फुल्या बसवल्या, तिने नंतर शिकवण्या घेतल्या. सॉफ्टवेअर तीन महिन्यांत शिकवता येतं, बगळ्याची मान बघायला दहा वर्षं लागतात. उलटा हिशोब करणाऱ्यांनी या धंद्याचं मोठं नुकसान केलं, हे मी आजही ठामपणे म्हणते.

आज माझ्याकडे शिकायला येणारी मुलं मीरा रोड, भाईंदर, काही नायगावची. त्यांना कागद आणि थ्रीडी यांच्यातली ही भिंतच माहीत नाही. २०१८ चा ‘स्पायडर-व्हर्स’ त्यांनी पाठ केला आहे. थ्रीडी असूनही त्यात पात्रं कितीदा तरी दोन-दोन फ्रेम एकाच पोझमध्ये ठेवली आहेत, आम्ही कागदावर ठेवायचो तशीच. जंगलातल्या झोके घेण्याच्या प्रसंगात नवशिका माइल्स दोन-दोन फ्रेमवर हलतो आणि मुरलेला पीटर एकेका फ्रेमवर, हे मी दाखवलं तेव्हा वर्गात आरडाओरडा झाला. ब्लेंडर फुकट मिळतं, त्यातल्या ग्रीस पेन्सिलने मुलं थ्रीडी जागेत हाताने रेघ काढतात. गीतांजली राव यांचा २०१९ चा ‘बॉम्बे रोझ’ दाखवला, कॉम्प्युटरवर पण फ्रेम-फ्रेम हाताने रंगवलेला. तरी पहिला महिना मी त्यांना कॉम्प्युटर लावू देत नाही. आधी उत्तनला जायचं, नाव वाळूवर ओढणाऱ्या माणसांच्या कमरा बघायच्या. वजन कुठून येतं ते वहीत उतरवायचं.

सरांचा शेवटचा किस्सा २००६ चा. स्टुडिओत नवे सपाट मॉनिटर आले. सर सवयीने रुमालाने पुसायला गेले, मार्कर टेकवला, आणि बोटाखाली पडद्यावर रंगांची लाट उठली. त्यांनी हात झटक्यात मागे घेतला. मऊ पडदा, विजेने सेलही चिकटेना. त्या दिवशी ते कोणाच्याच मॉनिटरपाशी गेले नाहीत, आपल्या टेबलाशी बसून जुन्या डोप शीट, म्हणजे फ्रेमवार नोंदींचे कागद, लावत राहिले.

तिसऱ्या दिवशी मायावाला सकाळच्या गर्दीच्या गाडीतून छातीशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी धरून आला. भाईंदरला तसबिरी मढवणाऱ्याकडून त्याने मॉनिटरच्या मापाची काच कापून घेतली होती, कडा घासून घेतल्या होत्या. लाकडाच्या दोन ठोकळ्यांत खाचा पाडून ती त्याने पडद्यासमोर उभी केली आणि सरांची खुर्ची ओढली.

काच आणि पडदा यांच्यात दोन बोटांचं अंतर राहत होतं, त्यामुळे मान जरा हलली तरी रेघ चित्रावरून सरकायची. सरांनी दोन-तीनदा करून पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, हनुवटी डाव्या मुठीवर घट्ट टेकवली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, “घे, एक फ्रेम पुढे.”